बंडूदादाच्या खिशातलं पदक

आमच्या बंडूदादाला ग्वारीघाटला नदी ओलांडणाऱ्या नावेतही मळमळायचं. असा माणूस अठराव्या वर्षी नौदलात बॉयलरवर लागला, तेव्हा सगळी गल्ली हसली. बाबा मात्र हसले नाहीत. ते खमरियाच्या कारखान्यात तोफगोळ्यांत दारू भरायच्या विभागात होते आणि मुलानंही तिथंच लागावं असं त्यांच्या मनात होतं. पासष्टच्या लढाईत डबल शिफ्ट करून आले की ते म्हणत, "लढाई आम्ही लढून राहिलो, अन् हा जहाजाची सैर करून राहिला!" दादाचं जहाज नेमकं तेव्हा दुरुस्तीला गोदीत होतं, त्यामुळे त्याला उलटून बोलताही येईना. बाबांनी एकदा शाबास म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

बाबांच्या विभागात काडेपेटी सोडाच, ठिणगीच्या भीतीनं धातूचं बटणही न्यायला मनाई. फाटकावर रोज झडती. त्या सवयीनं बाबा घरीही दारात येणाऱ्याचे खिसे चाचपत. मला बघायला आलेल्या मुलाचेही चाचपले. तरी त्यानं होकार दिला, हे माझं नशीब.

सदुसष्टच्या हिवाळ्यात दादा सुट्टीवर आला. बाबांनी दारातच खिसा चाचपला आणि आतून पदक निघालं.

"हे काय?"

"बंदरात जहाजाला आग लागली होती. खाली दारूगोळ्याच्या कोठाराशेजारी दोघं अडकले होते. त्यांना काढलं, अन् आग विझेपर्यंत पाणी मारत राहिलो."

"काहून गेला खाली? गोळे तापले असते तर?"

"तुम्ही रोज जाता नं बाबा, गोळ्यांजवळ?"

बाबा पदक फळीवर ठेवून जेवायला बसले. दादा न जेवता झोपला.

सकाळी पदक गायब! आईनं अख्खं घर उलटंपालटं केलं. संध्याकाळी बाबा मान खाली घालून आले. चोवीस वर्षांत ज्यांच्या नावावर एक शेरा नव्हता, त्यांच्या खिशात फाटकावर पदक सापडलं होतं. लेखी ताकीद मिळाली होती.

"सगळ्या सेक्शनला दाखवायचं होतं," ते म्हणाले. "धातू आहे, ध्यानातच नाही राहिलं."

मला रडूच आलं. दादानं ताकिदीचा तो कागद मागून घेतला.

पुढे एकाहत्तरचं युद्धही करून, नौदलातली पंधरा वर्षं पुरी झाल्यावर दादा घरी आला. आजही त्याच्याकडे पदक बघायला गेलात, तर पेटीतून तो आधी ती ताकीद काढतो. पदक नंतर, तेही मागितलं तर.