भाग्यश्रीचं बोट आणि आमचं पांढरं सोनं

आमच्या घरात पाहुण्यांना दाखवायच्या तीन गोष्टी आहेत. काचेच्या कपाटातला डिनर सेट, बाबांना बँकेने निवृत्तीच्या दिवशी दिलेलं घड्याळ आणि 'आम्ही जात मानत नाही' हे वाक्य. तिन्ही कधी वापरात नसतात.

सलिलचं भाग्यश्रीशी ठरलं तेव्हापासून आईने ते वाक्य इतक्यांदा बाहेर काढलं की मला त्याचा वीट आला. भाजीवाल्यालासुद्धा ते ऐकावं लागलं. मी ओवी, सलिलची थोरली बहीण. घर निगडी प्राधिकरणात, आई, चित्रा, शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि मुख्याध्यापिकापण निवृत्त होत नसतं. भाग्यश्री कासारवाडीची, बौद्ध घरातली. तिची आई लवकर गेली. वडील, नागसेनकाका, पिंपरीत एका कारखान्यात फिटर होते. भाग्यश्री आणि सलिल चाकणला एकाच कंपनीत कामाला. तो क्वालिटी विभागात इंजिनिअर, आणि ती प्लेटिंगमध्ये, म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांवर निकेलचा मुलामा चढवतात तिथे, शिफ्टची इन्चार्ज.

पहिल्यांदा घरी आली तेव्हा आईने डिनर सेटमधले कप काढले. भाग्यश्रीने चहा संपवला, कप उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "काकू, स्टिकर तसाच आहे." मग एकटीच हसली. मला ती त्याच मिनिटाला आवडली. तिच्या पर्समध्ये खोबरेल तेलाची चपटी बाटली असायची आणि बोलता बोलता ती हातांना तेल चोळायची. मुलाम्याच्या टाकीवर बरीच वर्षं काम करणाऱ्यांना पुष्कळदा होतं ते तिला झालं होतं. निकेल कातडीला लागलं की कातडी लाल व्हायची, खाजायची, पुरळ येऊन पाणी सुटायचं. नाही लागलं, तर हात तुमच्याआमच्यासारखे. याची कुणाला लागण होत नाही. हे तिने आपणहून सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

कारण विषय अंगठीचा निघाला होता. हिरा घरचाच होता, आजीच्या नाकातल्या चमकीतला. तो बसवायचा कशात, यावर आमच्याकडे संसदेचं अधिवेशन भरलं. बाबांचं म्हणणं, बावीस कॅरेट पिवळं सोनं, दुसरं काही नको. सराफाने फोनवर सांगितलं की बावीस कॅरेट मऊ पडतं, हिरा धरून ठेवणाऱ्या नख्या वाकतात आणि एक दिवस हिरा भाजीत सापडतो. हिऱ्यासाठी अठराच कॅरेट घ्या. बाबा रुसले. सलिलला प्लॅटिनम हवं होतं, कारण त्याच्या मित्रांच्या बायकांकडे होतं. आई म्हणाली, प्लॅटिनम चांदीसारखं दिसतं, लोकांना काय आपण गळ्यात पाटी लावून सांगणार आहोत का?

"तुला काय आवडेल गं?" मी भाग्यश्रीला विचारलं. हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता.

"रंग कसलाही चालेल ताई," ती म्हणाली. "फक्त त्यात निकेल नको. माझं बोट नाही सहन करत."

"अगं, सोन्यात कसलं आलंय निकेल," आई म्हणाली, आणि पोह्यांवर खोबरं पेरायला उठली.

शेवटी आईला पांढरं सोनं सापडलं. दिसायला प्लॅटिनम, सांगायला सोनं. तिचा चेहरा असा उजळला की जणू तो धातू तिनेच खणून काढला होता. चिंचवडच्या सराफाकडे आम्ही दोघी गेलो. त्या माणसाने प्रामाणिकपणे समजावलं. पिवळं सोनं पांढरं करायला त्यात दुसरा धातू मिसळावा लागतो. एक प्रकार निकेलचा, दुसरा पॅलेडियमचा. वरून दोन्हींवर ऱ्होडियमचा चकचकीत थर असतो, तो वापरून झिजतो. निकेलची अंगठी जास्त पांढरी दिसते, पॅलेडियमची जरा राखाडी.

"आई, पॅलेडियमची घे," मी म्हटलं. "तिने स्पष्ट सांगितलंय."

"सोन्याने कुणाला खाज येते असं मी जन्मात ऐकलं नाही," आई म्हणाली. "सोनं शुद्ध असतं. ज्याला सोनं सोसत नाही, त्याच्यातच काहीतरी असतं. ही द्या हो, पांढरीशुभ्र."

तिने माझ्याशी वाद घातला नाही, मला फक्त बाजूला केलं. घरी येऊन मी सलिलला सांगितलं. तो दिवसभर निकेलच्याच भागांची तपासणी करतो, त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो म्हणाला, "वरून कोटिंग आहे ना, काही होत नाही. आईला आता नको दुखवूस." तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या भावाची शिसारी आली. आणि मग मी भाग्यश्रीलाच फोन केला. "कोटिंग आहे तोवर चालेल ताई. पुढचं सलिल बघतो म्हणालाय," ती म्हणाली. माझ्या भावावर विश्वास ठेवणारी ती घरातली, किंवा घराबाहेरची, एकटीच होती.

साखरपुडा झाला. कामावर अंगठी घालायला बंदी असते, म्हणून तिने ती कपाटात ठेवली असती तर निभावलं असतं. पण साखरपुड्याची अंगठी उतरवायची नसते, असं आईने बजावलं होतं, आणि ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून "बघू गं हात" म्हणायची. भाग्यश्री कंपनीच्या गेटबाहेर पडली की बसमध्ये अंगठी घालायची. घामट हात, खडखडणारी बस आणि आईची हजेरी. ऱ्होडियमचा थर झिजला. बोट आधी गुलाबी झालं, मग लाल, मग त्याला पाणी सुटलं. तिने सलिलला दाखवलं. सलिल म्हणाला, लग्नानंतर बदलू.

मग आमच्याकडे तिचं केळवण ठरलं. खरं तर केळवणाला नवऱ्या मुलीने पाटावर बसून खायचं असतं. पण ती नागसेनकाकांना घेऊन लवकरच आली आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. आईला दिवाणखान्यात तिच्या मैत्रिणींना डिनर सेट दाखवायचा होता, म्हणून पुऱ्यांचं पीठ भाग्यश्रीने मळलं. अंगठी काढून, हात स्वच्छ धुऊन, दुखरं बोट वर धरून, एका हाताने. घट्ट, गुळगुळीत गोळा झाला. वर तेलाचा हात फिरवून तिने तो झाकून ठेवला, पुन्हा अंगठी कशीबशी दाबून घातली आणि बाहेर जाऊन बसली.

आई आत आली. तिने बाहेर भाग्यश्रीचं बोट जवळून पाहिलं होतं, मैत्रिणींनीही पाहिलं होतं. आईने झाकण उचललं, तो गोळा दोन बोटांनी धरून कचऱ्याच्या डब्यात टाकला, परात साबणाने घासली आणि नवी कणीक काढली.

"आई, काय करतेस?" मी म्हटलं.

"हळू बोल. घरात माणसं जेवायची आहेत. मला ओकारी येईल."

मला तिचीच किळस आली. स्वतःच्या आईकडे बघून असं व्हावं, याचीही लाज वाटली. मी म्हटलं, मी आत्ता बाहेर जाऊन सांगते. आई म्हणाली, सांग की, त्या पोरीचा तिच्या बापासमोर अपमान तूच कर. हे तिचं कसब. घाण ती करते आणि हात दुसऱ्याचे बरबटतात.

पानं वाढली. नागसेनकाका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून अवघडून बसले होते. पुरी मोडून त्यांनी घास घेतला आणि पहिल्यांदा मोकळे झाले. आईला म्हणाले, "ताई, आईबिगर वाढली पोर. पन पुरी बघा कशी टम्म फुगलीय. हाताला चव हाय तिच्या."

आई गोड हसली. "हो ना. सुनेच्या हातची."

भाग्यश्री नेमकी तेव्हाच आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. आत तिने कचऱ्याचा डबा उघडला होता, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने तांब्या खाली ठेवला. वाटीतलं तूप बोटाला लावून अंगठी फिरवत फिरवत काढली. सुजलेल्या सांध्यावरून ती निघताना रक्त आलं.

"पप्पा, या पुऱ्या माझ्या हातच्या नाहीत," ती म्हणाली. "माझं पीठ कचऱ्यात आहे."

बाबा वाटीत बघत राहिले. नागसेनकाकांनी हातातली अर्धी पुरी पानात ठेवली आणि उठून हात धुतले.

"भाग्यश्री, आईच्या मनात तसं काही नव्हतं," सलिल म्हणाला. तो बसूनच होता. त्याच्या बोटांना श्रीखंड लागलेलं होतं.

"तुला माहीत होतं ना अंगठीत काय आहे?"

तो आईकडे बघायला लागला. मी मनात म्हणत होते, अरे ऊठ, निदान उभा तरी राहा. तो उठला नाही. मग भाग्यश्रीने अंगठी आईपुढे धरली.

आईने हात पुढे केला नाही. शेजारचा पेपर नॅपकिन उचलला, त्यात अंगठी घेतली आणि आत गेली. नळाचा आवाज आला. भांड्यांच्या साबणाने ती अंगठी घासत होती. आतूनच तिने हाक मारली, "ओवी, इकडे ये गं, हिरा नीट बसलाय ना बघ."

मी गाडीची किल्ली घेतली आणि त्या दोघांबरोबर खाली उतरले. वाटेत कुणी रडलं नाही. भाग्यश्री बोटाला रुमाल गुंडाळून बाहेर बघत होती. कासारवाडी स्टेशनजवळ आल्यावर नागसेनकाका म्हणाले, "पोरी, भूक लागली का?"

"लागली."

"मंग घरी जाऊन पीठ मळ. मलाबी लागलीय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी बी चला. पानावरनं उठून आलाय तुमी."

तिने बोटाला पट्टी बांधून एका हाताने पीठ मळलं, मी लाटलं, काकांनी तळलं. त्या पुऱ्या फुगल्या नाहीत, मी वाकड्या लाटल्या होत्या. आम्ही पोटभर खाल्ल्या.