शिंप्याच्या खोलीखालचा खड्डा

शिंप्याला किळस फार लवकर यायची. दुसऱ्याच्या घामाने कडक झालेली कॉलर तो चिमटीत धरूनच उसवायचा. असा माणूस अकरा वर्षं रोज सकाळी तोंडाला फडकं बांधून तळघरात उतरत होता. इमारतीच्या सांडपाण्याचा खड्डा नेमका त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीखाली होता, आणि पंपाचं बटण दाबायला वरच्या तीन मजल्यांवरून कुणाचं बोट खाली येत नव्हतं. खड्ड्यावर राखाडी साय धरलेली असायची. तिच्यात केस, तेलाचे डोळे, भाताची शितं.

"माणसं आहेत की काय आहेत," तो वर येऊन कोपरापर्यंत हात घासत म्हणायचा.

बँकेतल्या मॅनेजरबाईंनी लोकरी कोट परत आणला तेव्हा त्याने मान वर केली नाही.

"मास्तर, शिलाईत खोट नाही. पण मीटिंगमध्ये शेजारचे गृहस्थ खुर्ची सरकवून बसले. पुढच्या शनिवारपर्यंत वास घालवा, नाहीतर आम्ही सगळ्याजणी दुसरा शिंपी बघतो."

सगळ्याजणी म्हणजे बँकेतल्या चौदा बायका. दुकान त्यांच्यावरच चालत होतं.

दोन महिन्यांपासून शिंप्याला पीएलसीचं खूळ लागलं होतं. कारखान्यातल्या यंत्रांना कधी चालायचं आणि कधी थांबायचं हे सांगणारा हा डबा. त्याचा मेहुणा इलेक्ट्रिशियन. त्याने बंद पडलेल्या बिस्किटांच्या कारखान्यातून एक जुना डबा आणून दिला होता. झाकण उघडलं तर आत झुरळांची टरफलं आणि खवट तुपात भिजलेली धूळ. शिंप्याने डबा हातभर लांब सरकवला. तरी त्याने चार संध्याकाळी बसून स्पिरिट आणि ब्रशने एकेक खाच साफ केली.

"भाजी निवडायला बसवलं की डोळे दुखतात यांचे," बायको भावाला म्हणाली.

प्रोग्राम त्याला पटकन उमगला. मेहुण्याच्या लॅपटॉपच्या पडद्यावर शिडीसारखी आकृती असते. प्रत्येक पायरीवर डावीकडे अट, उजवीकडे काम. शिलाई मशीनची पायपट्टी दाबली की लागणारा दिवा त्याने करून पाहिला, मग इस्त्रीसाठी वेळ मोजणारी घंटा केली. आता पंपाची पाळी होती.

खड्ड्यात दोन फ्लोट सोडायचे, म्हणजे पाणी चढलं की उचलले जाणारे पोकळ गोळे. वरचा उचलला गेला की पंप चालू, खालचा लोंबला की बंद. कपडे भिजवायच्या टबात त्याने हे वीस वेळा करून पाहिलं. एकदाही चुकलं नाही.

"भाऊजी, टबातलं पाणी तुम्ही पिऊ शकता," मेहुणा म्हणाला. "खालचं तसं नाही."

"पाणी ते पाणी."

सोमवारी डबा बसला. पंप आपोआप चालू-बंद होऊ लागला. शिंपी तीन दिवस तळघरात उतरला नाही. त्या आनंदात त्याने जिन्यात ठसठशीत अक्षरात चिठ्ठी डकवली : 'मोरी म्हणजे कचराकुंडी नव्हे. लाज बाळगा.'

शुक्रवारी सकाळी मागच्या खोलीत पाऊल टाकलं तर चप्पल पचकन वाजली. मोरीतून काळं पाणी उलटं वर आलं होतं. कोट उंच खुंटीवर होता म्हणून भिजला नाही, पण त्या हवेत रात्रभर लटकला होता. भिंतीवर डब्याचा हिरवा दिवा निवांत जळत होता.

मेहुण्याने बटण दाबून पंप चालवला आणि पाणी उतरवलं. शिंप्याने केबल धरून फ्लोट वर ओढले. दोन्ही कसल्याशा गुंत्याने एकमेकांना घट्ट बांधलेले, वर बुळबुळीत चरबीचा थर. वरचा गोळा उचलला जायला जागाच नव्हती.

"यात डब्याचा काय दोष," मेहुणा म्हणाला. "पाणी चढलं हे त्याला सांगायचं कुणी?"

शिंप्याने गुंता कात्रीने कापला आणि नळाखाली धरला. चरबी सुटली तसे रंग दिसू लागले. शाळेच्या गणवेशाचा गडद निळा दोरा. पडद्यांचा पिवळा. कोटाच्या अस्तराचा जांभळा, गेल्याच महिन्यातला. मागच्या खोलीची फरशी तो रोज संध्याकाळी पुसायचा आणि बादली मोरीत ओतायचा. फरशीवरचे दोरे बादलीत, बादलीतले खड्ड्यात. अकरा वर्षं.

त्याने तो गुंता खाली टाकला आणि हात घासत राहिला. मेहुण्याने मोरीचं तोंड पट्टीने मोजलं.

दुपारी मोरीवर जाळी बसली. प्रोग्राममध्ये त्याने एक पायरी वाढवली : चार तासांत पंप एकदाही चालला नाही तर दुकानात लाल दिवा.

शनिवारी मॅनेजरबाई आल्या.

"कोट आज देत नाही," शिंपी म्हणाला. "वास आहे."

"वरच्यांना कुणी काही बोलत का नाही?"

"वरच्यांचा नाही. माझ्याच दोऱ्यांचा."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "आणखी आठ दिवस देते. पण कोट हातात आल्याशिवाय बाकीच्या येणार नाहीत."

त्या गेल्यावर तो जिन्यात गेला आणि चिठ्ठी नखाने सोडवू लागला. तिसऱ्या मजल्यावरचा कारकून उतरत होता.

"काढताय का? बरोबर लिहिलं होतं की."

"जागा चुकली होती," शिंपी म्हणाला, आणि चिठ्ठी घेऊन मागच्या खोलीतल्या मोरीकडे गेला.