आधी बरं होऊ दे

बाल्कनीतल्या रिकाम्या कुंडीत पाखरांच्या कृपेने एक रोप उगवलं होतं. शेतकी खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे नाना ते पाहून म्हणाले, "अरे, भांग आहे ही! उपटून टाक, घरात ठेवणं गुन्हा आहे." मी हात घातला, तर पानं पिवळी आणि मान खाली.

"अहो, आजारी आहे ते," बायको म्हणाली. "आधी बरं होऊ दे, मग उपटा."

उपचार सुरू झाले. आईच्या मते त्याला ऊन लागलं होतं, मुलीच्या मते खत कमी पडत होतं. मी अनुभवाने पाणी वाढवायला सांगितलं. माझा अनुभव म्हणजे आजवर माझ्या हातून मेलेली रोपं. हेही रोज थोडं अधिक वाकू लागलं.

शेवटी मुलीने कुंडी आडवी केली. तळाचं भोक सिमेंटने बुजलेलं होतं. खालच्यांच्या कपड्यांवर पाणी गळतं म्हणून ते मीच बुजवलं होतं. मुळं डबक्यात उभी होती.

"बाबा, ह्या रोगाचं नाव तुम्हीच," ती म्हणाली.

गुन्हेगाराला शिक्षा करणं तसं अवघड नसावं. त्याचं दुखणं आपण उशाशी बसून पाहिलं, की मग पंचाईत होते.

भोक मोकळं केल्यावर आठवड्याभरात शेंड्याला नवं पान फुटलं. "घ्या, आता उपटा," म्हणून बायको स्वयंपाकघरात निघून गेली. आई आणि मुलगीही तिथून नाहीशा झाल्या. मी वाकून रोप नीट तपासलं आणि आत येऊन जाहीर केलं, की अशक्तपणा अजून बराच आहे.