तारा न लावलेलं घर

देवाला आमचं नवं घर सापडलेलंच नाही, असं मी त्या वर्षी उघड उघड म्हणत होते. यांना म्हणत होते, फोनवर अमरावतीच्या बहिणीला म्हणत होते, आणि प्रार्थनेला गुडघे टेकले की खुद्द देवालाही तेच ऐकवत होते. यांचं ऑफिस शहरातून नव्या रायपुरात गेलं, रोजची ये-जा यांच्या कंबरेला झेपेना, म्हणून आम्ही तिकडेच सेक्टरातलं एक घर घेतलं. नवी राजधानी म्हणजे काय, तर नजर पोचेल तिथवर रुंद रस्ते, त्यांवरून भुर्रकन जाणाऱ्या साहेबलोकांच्या गाड्या, आणि मनात आलं तर येणारी बस. घरं सगळी एकाच साच्यातून काढलेली. रंग तोच, फाटक तेच, फाटकाजवळचं कडुनिंबाचं रोपही तेच. पहिल्याच आठवड्यात मी स्वतः एकदा भाजीची पिशवी सांभाळत दुसऱ्याच्या कुलपाला आपली किल्ली लावत उभी राहिले होते.

त्याआधी आम्ही जुन्या शहरात, तात्यापाऱ्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. खोल्या अंधाऱ्या होत्या, नळाला पाणी बेताचंच यायचं, पण खिडकीतून हाक मारली की भाजीवाली थांबायची, आणि शेजारच्या भाभी वाटीभर साखर मागायला आल्या की तासभर हलायच्या नाहीत. चर्चला चालत जाता यायचं. इथे सकाळी हे ऑफिसला गेले की संध्याकाळपर्यंत माझा आवाज मीच ऐकायची. मराठी बोलायला तर चिटपाखरू नव्हतं. मुलगी नागपूरला शिकायला, फोनवर तीही हिंदीतच उत्तर देते. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका प्रेमळ आहेत, पण त्या सगळ्या शहरात. रविवारी स्कूटरवर हाडं खिळखिळी करून जायचं, मागच्या बाकावर बसायचं आणि ऊन चढायच्या आत परत फिरायचं. मी फार एकटी पडले होते आणि त्याचा सगळा राग त्या बिचाऱ्या घरावर काढत होते.

आमच्यात नव्या घरात राहायला गेलं की गृहसमर्पण करतात. पाळकसाहेब आणि मंडळी येतात, गात गातच दारातून आत शिरतात, प्रत्येक खोलीत प्रार्थना होते आणि घर प्रभूच्या हाती सोपवलं जातं. मी ते उन्हाळ्यापासून टाळत होते. कधी पडदे शिवून यायचे असायचे, कधी मुलीची परीक्षा असायची. खरं कारण माझ्या पोटात होतं. एकदा घर देवाला वाहिलं की ते सोडून जायला आपल्याला तोंड राहणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती. यांच्याशी बोलणं झालं होतं की नाताळपर्यंत बघायचं. तोवरही माझा जीव रमला नाही, तर हे घर भाड्याने देऊन आपण परत तात्यापाऱ्यात. जुने घरमालक तोपर्यंत खोल्या रिकाम्या ठेवायला कबूल होते. "नाताळपर्यंत दम धर, मंग तू म्हनशील तसं," हे म्हणाले होते. मी दम कसला धरते, मनातल्या मनात भांडी गोणीत भरायला लागले होते.

आणि अशात डिसेंबरमधल्या एका रविवारी पाळकसाहेबांनी भर उपासनेत जाहीर करून टाकलं, की गुरु घासीदास जयंतीची सुट्टी आहे, त्या दिवशी सगळे मिळून आमच्या घराच्या समर्पणाला येतील. भर मंडळीत नाही कोण म्हणणार? मी कसनुसं हसले. बाहेर आल्यावर लोकांनी यांना पत्ता विचारला. सेक्टर आणि घराचा नंबर सांगून कोणाच्या डोक्यात काही उजेड पडेना, तेव्हा हे म्हणाले, "अरे भैया, मोड़ से अंदर आना, जिस घर पे तारा टंगा है, वही हमारा."

लग्न झाल्यापासून दरवर्षी, नाताळच्या आधी आगमनकाळ सुरू झाला की पहिल्याच रविवारी मी दारात कागदी तारा लावत आले आहे. त्या वर्षी तो खोक्यातच होता. जायचंच आहे तर कशाला लावायचा, म्हणून मी तो काढलाच नव्हता. आणि यांची तऱ्हा अशी, की नाकावरचा चष्मा घरभर शोधतील. दारात तारा नाही, हे यांना कुठून दिसायचं? पत्ता सांगताना मी बाजूलाच उभी होते. घरी जाऊन लावू, असं मनात म्हटलं, आणि घरी गेल्यावर ते राहून गेलं.

सुट्टीचा तो दिवस गुरुवारी आला. दुपारी मी सतरंज्या अंथरल्या, चहाचं आधण मांडून ठेवलं. सेक्टरात धड दुकान नाही म्हणून हे समोसे आणायला स्कूटर घेऊन लांब गेले आणि तिथेच अडकले. ऊन कलायला लागलं तरी कोणी येईना. तेवढ्यात मागच्या ओळीतून गाण्याचा आवाज आला. आमचंच गाणं, आमच्याच मंडळींचा आवाज, ढोलकसुद्धा आमचीच. मी दारात आले. पहिलं कडवं पूर्ण झालं, दुसरं सुरू होऊन मध्येच तुटलं, जणू कोणी तोंडावर हात ठेवला. मग काही क्षण अगदी शांतता, आणि पाठोपाठ बायकांचा गलका. मी चप्पल न घालताच धावत सुटले.

मागच्या ओळीतल्या एका घरासमोर आमच्या मंडळींचा टेंपो उभा होता. त्या घराच्या दारावर तारा टांगलेला होता. दिवाळीचा आकाशकंदील तो, चांदणीच्या आकाराचा. आजकाल दिवाळीला आणि नाताळला दुकानात एकच माल असतो, माझ्या खोक्यातला ताराही अगदी तसाच. मी आत शिरले आणि खिळल्यासारखी उभी राहिले. दिवाणखान्यात चौरंगावर नारळ ठेवलेला कलश, त्याला साडीचोळी नेसवलेली, समोर फळं आणि समई. मार्गशीर्षातल्या गुरुवारची लक्ष्मी मांडलेली होती. तिच्यासमोर आमची ढोलक घेतलेली मंडळी अनवाणी उभी होती. पुढे स्वयंपाकघराच्या दारात पाळकसाहेब उकिडवे बसले होते. आत जमिनीवर एक म्हाताऱ्या बाई पडल्या होत्या. आमच्या मंडळीतल्या मार्था दीदी, आयुष्यभर नर्सचं काम केलेल्या, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खीर करपल्याचा वास घरभर भरला होता.

नंतर सगळं कळलं ते असं. मंडळी तारा बघून उतरली. दार सताड उघडं. आपल्यासाठीच उघडं ठेवलंय असं समजून रीतीप्रमाणे गात गात आत शिरली. गाण्याच्या भरात आधी कोणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या कडव्याला पाळकसाहेबांची नजर कलशावर पडली, ते थबकले, त्यांच्यामागे सगळेच गप्प झाले. त्या शांततेत आतून कण्हण्याचा आवाज आला. गाणं तसंच चालू राहिलं असतं तर तो कोणाला ऐकूच आला नसता.

मार्था दीदी विचारत होत्या, "अम्मा, शक्कर की बीमारी है क्या?" बाईंचं अंग घामाने गार पडलं होतं, डोळे अर्धवट मिटलेले. तेवढ्यात त्या पुटपुटल्या, "माय व..." ही तर मराठी होती. मी वाकून म्हटलं, "काकू, साखरेचा त्रास आहे का तुम्हाला?" मराठी ऐकल्यावर त्यांनी डोळे उघडले. "हाव," त्या म्हणाल्या. "गोयी घेतली व सकायी. उपास हाय माहा." साखरेची गोळी घेऊन दिवसभर उपास! मी सांगताच मार्था दीदींनी मान हलवली. त्यांनी चौरंगावरच्या नैवेद्यातली साखर आधीच बोटाने त्यांच्या गालाच्या आत चोळायला घेतली होती. टेंपोतूनच आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. वाटभर त्यांनी माझा हात सोडला नाही.

ग्लुकोज चढल्यावर तासाभरात त्या चांगल्या बोलत्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, घरात एकट्या होत्या, आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. कुसुमकाकू त्यांचं नाव. मूळच्या गोंदियाकडच्या, यजमान रेल्वेत होते, ते गेल्यावर मुलाकडे आल्या. मुलगा दौऱ्यावर होता. उन्हाळ्यापासून माझ्या मागच्याच ओळीत एक मराठी बाई राहत होती, माझ्यासारखीच दिवसभर भिंतींशी बोलत होती, आणि मी अमरावतीला फोन करून रडत होते, की इथे मराठी बोलायला कोणी नाही. मी त्यांना दिवाळीच्या आकाशकंदिलाबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "पोट्ट्यानं लावला होता. काढून ठेव म्हनलं, तं निंघून गेला दौऱ्यावर. माहा हात काही पोचत नाही." मग दार उघडं कसं होतं, तेही त्यांनीच सांगितलं. दिवेलागणीला लक्ष्मी येते, म्हणून दुपार कलली की दार लोटायचं नाही. "मी लक्ष्मीसाठी दार उघडं ठेवलं," त्या हसत म्हणाल्या, "अन् आली तं पुरी बारात!"

मीही हसले आणि त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

मुलाला फोन लागला, तो निघाला. मार्था दीदी काकूंपाशी थांबल्या आणि आम्ही अंधार पडताना परत आलो. उरलेली मंडळी माझ्या पायऱ्यांवर बसून होती. कोणीही घरी गेलं नव्हतं. हे गार झालेल्या समोशांची पिशवी घेऊन उभे होते. माझ्याकडे न बघता यांनी दाराच्या वर बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "अन् आपला तारा कुठं हाय?"

मी म्हटलं, "खोक्यात."

"काहून?"

खरं कारण त्या माणसांसमोर सांगायची लाज वाटली. मग एकेक गोष्ट जुळत गेली. मी पायरीवरच बसले. तारा मी लावला असता तर वाटेत आधी माझंच घर लागलं असतं, कारण आमची ओळ पुढची आहे. मंडळी माझ्याच घरात शिरली असती, गाणी झाली असती, चहा-समोसे झाले असते, आणि मागच्या ओळीत ती बाई त्याच वेळी कण्हत कण्हत गप्प झाली असती. आम्ही तिच्या घराकडे फिरकलोही नसतो. मी रुसून तारा खोक्यात ठेवला, म्हणून ती वाचली. आता या रुसण्याबद्दल देवाची क्षमा मागायची की त्याचे आभार मानायचे? मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. हा चमत्कार होता की निव्वळ योगायोग, या वादात मी पडत नाही. मला एवढंच माहीत आहे, की देवाला माझं घर सापडत नाही असं मी उन्हाळ्यापासून म्हणत होते, आणि त्या दिवशी त्याची माणसं खरोखरच माझं घर चुकली. माझी तक्रार खरी ठरली. आणि ती खरी ठरली याचं मला रडू येत होतं.

पाळकसाहेबांनी काही उपदेश केला नाही. "बहन, पहले तारा निकालो," एवढंच म्हणाले. यांनी स्टुलावर चढून तारा लावला. एक कोपरा मोडला होता, तसाच लावला. मग मंडळी गात गात आत आली, दुपारपासून थकलेली, भुकेली, आणि तरी गळा सोडून गात होती. स्वयंपाकघरात प्रार्थना चालली असताना मला समर्पणाचे ठरीव शब्द काही आठवेनात. मनात एकच वाक्य येत होतं, की हे घर तुझं आहे, यात कोणाला कधी आणायचं आणि कोणाला आधी कुठे पाठवायचं, ते तूच बघ. घर सोपवलं की आपण अडकतो, अशी माझी समजूत होती. त्या संध्याकाळी मला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला.

नाताळ झाल्यावर यांनी ठरल्याप्रमाणे विचारलं, तात्यापाऱ्याला काय कळवू? मी म्हटलं, खोल्या देऊन टाका म्हणावं दुसऱ्याला. कारण विचारण्याइतके हे भोळे नाहीत. एव्हाना कुसुमकाकू रोज दुपारी फाटकातून हाक मारत होत्या, "आहे काय व घरी?" आणि तासभर हलत नव्हत्या. मार्गशीर्षातलाच काय, त्यांचा दर गुरुवारी उपास असतो; काहीतरी खाल्ल्याशिवाय मी त्यांना गोळी घेऊ देत नाही, त्यावरून आमची दर आठवड्याला भांडणं होतात. रस्ते आजही तितकेच रुंद आणि रिकामे आहेत, बस मनात आलं तर येते, आणि मी सुखात आहे. हे सुख मी मागितलं नव्हतं, मी तर सुटका मागत होते. ती न दिल्याबद्दल मी प्रभूचे रोज आभार मानते.

काकू आता दिवाळीचा तारा मुद्दामच नाताळ होईपर्यंत काढत नाहीत. गेल्या डिसेंबरात मंडळीतली नवी माणसं आमच्याकडे नाताळची गाणी गायला यायची होती. त्यांनी फोनवर घराची खूण विचारली. हे सवयीने सांगायला लागले, जिस घर पे तारा टंगा है... मी यांच्या हातून फोन घेतला. म्हटलं, भैया, आपको दो तारे दिखेंगे. जहाँ पहले पहुँचो, वहीं पहले गाना. मैं रुकूँगी.