वरच्या खोलीतली मासिकं
गुळगुळीत मासिक उघडलं की आतल्या अत्तराच्या पट्टीचा वास येतो आणि बावधनच्या आमच्या घरातली वरची खोली आठवते. मी फॅशनचं शिकत होतो आणि माझ्याच वर्गातला एक मुलगा तिथं भाड्यानं राहायचा. त्याच्याकडे पुरुषांच्या फॅशनच्या मासिकांचा ढीग होता. तोवर फॅशन म्हणजे लेहंगे आणि गाऊन एवढंच मला ठाऊक. एका दुपारी त्याच्या कॉटवर बसून मी पानं उलटली. एका पानावर साठीचा माणूस सैल सदऱ्याच्या बाह्या दुमडून पायरीवर नुसता बसला होता, आणि माझी नजर हलेना. हे सगळं या भाडेकरू पोराला आधीपासून माहीत होतं, याचाच राग आला. तेवढ्यात रिहे गावातल्या शेतावरनं आलेले माझे वडील पाण्याची टाकी बघायला वर आले. चुरगळलेला सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. त्यानं कॅमेरा उचलला. "काका, एक फोटो काढू?" मी शिवलेला कुर्ता घालून फोटोला उभे राहा असं मी म्हटल्यावर "मी काय बाहुला हाय व्हय?" म्हणणारे वडील त्याला म्हणाले, "कसा उभा राहू, सांग." आता मीही असल्याच मासिकांसाठी मॉडेल सजवतो. वडील गेले तेव्हा हार घालायला एक फोटो हवा म्हणून मी त्यांचे काढलेले सगळे फोटो आईपुढे मांडले. ती म्हणाली, "वरच्या पोरानं काढलेला लाव. त्यात ते घरातल्यावानी दिसत्यात." खिळा मीच ठोकला, जरा जोरातच.