ब्रुजच्या कालव्यावर आत्या

आमच्या आत्याच्या घरात जमिनीवर काही ठेवलेलं नसे. गव्हाची कोठी विटांवर, शिलाई मशीन चौरंगावर आणि झोपायला सगळे माडीवर. नाशकात गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठी तिचा जन्म गेला. पाऊस लागला की घाटावर जाऊन पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय ते ती स्वतः बघून यायची. कमरेला लागलं की सामान वर, छातीला लागलं की माणसं वर. बातम्यांवर तिचा भरवसा नव्हता.

रडारड तिला खपत नसे. "घाबरायचं ते वर जाऊन घाबर," म्हणायची. ती गेली त्याला आता वर्ष होईल.

त्याआधीच्या उन्हाळ्यात आत्या आणि मी बेल्जियमला गेलो. माझी मुलगी तिथे नोकरी करते. तिच्या एक वर्षाच्या पोरीला घेऊन आम्ही तिघी ब्रुज बघायला गेलो. कालव्यांचं जुनं शहर, घरांच्या भिंती थेट पाण्यात उतरलेल्या. आत्या पुलावरच थांबली.

"मंगल, इथला मारुती कुठाय?"

"कसला मारुती? बेल्जियम आहे हे."

"मग पाणी चढलेलं यांना कळतं कसं?"

"आत्याआजी, हे पाणी चढतच नाही," मुलगी हसून म्हणाली.

"धरणवालेही असंच म्हणत होते."

बोटीत बसायला ती तयार होईना. "तुम्ही बसा. बुडालात तर घरी कळवायला कुणीतरी हवं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस भुरभुरत होता. कालव्याकाठच्या हॉटेलच्या खोलीत झोपलेली पोर आत्यावर सोपवून आम्ही दोघी चॉकलेट घ्यायला गेलो. चौकातल्या मनोऱ्यावर घंटा वाजायला लागल्या आणि थांबेचनात. चक्क गाणं वाजत होतं. लोक छत्र्या धरून ऐकत उभे होते, आम्हीही उभ्या राहिलो.

परत आलो तर खोलीचं दार उघडं, पलंग रिकामा. कालव्यावरची खिडकी सताड उघडी.

मी सहसा घाबरत नाही. त्या दिवशी खिडकीची चौकट धरून उभी राहिले. खाली हिरवं, गढूळ पाणी. एक बोट गेली, त्यातल्या प्रवाशांनी मला हात केले. मी पाण्यात पोरीचा पिवळा फ्रॉक शोधत होते. मुलगी बाहेर शेजारची दारं बडवत होती. खालच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला, बाहेर कुणीच गेलेलं नाही.

मग डोक्यात आलं. घंटा! आमच्याकडे धरणातून पाणी सोडलं की भोंगा वाजतो. मी जिन्याने वर पळाले.

माळ्याच्या बंद दाराशी, शेवटच्या पायरीवर आत्या बसली होती. जुन्या लुगड्याने पोर पाठीशी बांधलेली, पासपोर्ट पोलक्यात, पाण्याची बाटली मांडीत. पोर तिच्या अंबाड्याशी खेळत होती. आत्या मात्र लटलट कापत होती.

"खिडकीतून किती हाका मारल्या गं तुम्हाला. आला नाहीत. म्हटलं, हिला तरी वाचवू."

मुलीने रडत हात पुढे केले. आत्याने गाठ मुठीत घट्ट धरली.

"आत्या, तो भोंगा नव्हता," मी म्हटलं. "करमणुकीच्या घंटा होत्या."

तिला ते ऐकूच गेलं नाही. ती माझ्या मागे, जिन्याच्या तळाकडे बघत होती.

खोटं बोलणं मला आवडत नाही. मी तिच्याजवळ बसले.

"उतरलं पाणी, आत्या. घाटाच्या पायऱ्या दिसायला लागल्या."

तेव्हा तिने गाठ सोडली.