माकारिओचा गळा

पेन्योन वस्तीतल्या माकारिओनं उभ्या जन्मात एक वाद्य हातात धरलं नाही. दोन फिरत्या तबकड्या, भिंतीएवढे स्पीकर आणि एक माइक, एवढाच त्याचा पसारा. रविवारी दुपारी तो भर गल्लीत कुंबियाच्या, म्हणजे तिकडच्या ठेक्याच्या नाचगाण्यांच्या, रेकॉर्डी लावायचा आणि अख्खी वस्ती नाचायची. अशा माणसाला तिथं सोनिदेरो म्हणतात. त्याच्या बायकोचा भाऊ फिदेन्सिओ मात्र त्याला सरळ चोर म्हणे. फिदेन्सिओ लग्नामयतीला ट्रम्पेट वाजवणारा, रीतसर शिकलेला, ओठांना घट्टे पडलेला.

"वाजवणारे मेले वाजवून, आणि टाळ्या आमच्या दाजींना!" तो चारचौघांत म्हणे. "आयत्या बिळावर नागोबा!"

"नागोबा डोलतो तरी," माकारिओ म्हणे. "तुमच्या बँडपुढं माणूस खुर्चीतच पेंगतो."

हसण्यावारी न्यायचा, पण लागायचं त्याला.

नाचता नाचता लोक कागद उंच धरत. कागदावर निरोप असे, सरहद्दीपलीकडे भांडी घासणाऱ्या भावाला नाहीतर रुसून गेलेल्या बायकोला. माकारिओ गाणं चालू असतानाच ते माइकवर बोलायचा. फिदेन्सिओच्या मते ही तर गाण्याची विटंबना. पण नाचाचं रेकॉर्डिंग लोक हौसेनं पलीकडे धाडत.

एलोइसाबाईंचा कागद एकही रविवार चुकत नसे. त्यांचा नाबोर उत्तरेला म्हणून निघाला आणि वाळवंटात नाहीसा झाला. ना फोन, ना प्रेत. माकारिओनं त्याच्यासाठी एक रेकॉर्ड राखून ठेवली होती. तिच्यात अकॉर्डियन सुरू व्हायच्या आधी जराशी रिकामी जागा होती. नेमक्या त्या फटीत तो ओरडे, "नाबोर, ऊठ रे आळशा! आई तमाले गरम ठेवून बसलीय!" आणि अकॉर्डियन असं उसळायचं की जणू पोरगाच हसत दारातून आत आलाय. लोक शिट्ट्या मारत, एलोइसाबाई पदर नसलेल्या त्या देशात ओंजळीत तोंड लपवून हसत. नेमकं तेव्हा डोक्यावरून विमान गेलं, तर माकारिओ बोटानं तबकडी मागे ओढून ती जागा पुन्हा आणी.

मग गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, नाहीतर खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले. माकारिओ खाणंपिणं सोडून बसला.

"कापू द्या की, दाजी!" फिदेन्सिओ कळवळून म्हणाला. जीव होता त्याचा दाजींवर. "माझे ओठ गेले तर मी संपलो. तुमचं काय अडतंय? गातात त्या रेकॉर्डी!"

एवढ्या शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये! पण वस्तीनं माना डोलावल्या, आणि माकारिओलाही वाटलं, असेल बाबा. आपण नुसते लावणारे. तो ऑपरेशनला तयार झाला.

बरा होऊन तो पुन्हा गल्लीत उभा राहिला, गळ्याला भोक आणि त्यावर रुमाल. स्पीकर तेच, रेकॉर्डी त्याच. कागद वर झाले. माइक फिदेन्सिओनं घेतला, अगदी मनापासून. नाबोरची रेकॉर्ड लागली, ती फट आली. ताल फिदेन्सिओच्या रक्तातच होता, तो बरोबर जागेवर आला.

"नाबोर एस्कामिया," त्यानं स्वच्छ वाचलं, "आईकडून निरोप."

कुणी शिट्टी मारली नाही. अकॉर्डियन आलं आणि नुसतं वाजत राहिलं. माकारिओनं तबकडी मागे ओढली. या खेपेला फिदेन्सिओनं तमाल्यांचं म्हणून पाहिलं, ते आणखीच वाईट झालं. माकारिओचे ओठ हलत होते, पण हलला तो फक्त रुमाल.

एलोइसाबाईंनी पुढं होऊन फिदेन्सिओच्या हातातला कागद काढून घेतला.

"पुरे रे," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं माझा पोरगा बाहेरगावी होता. आज मेला."

पुढच्या रविवारी त्या काळे कपडे घालून आल्या. माकारिओकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या फिदेन्सिओसमोर उभ्या राहिल्या.

"नाबोरची नऊ दिवसांची प्रार्थना ठेवलीय. शेवटच्या दिवशी ट्रम्पेट घेऊन ये. तिथं वाजवणारा लागतो."

फिदेन्सिओचा चेहरा पडला. त्यानं घाईघाईनं माइक माकारिओपुढं धरला.

"दाजी, तुम्ही सांगा ना त्यांना!" तो बोलून गेला, आणि त्यानं जीभ चावली.

माकारिओनं माइक घेतला, रुमाल बाजूला केला आणि तो गळ्याच्या भोकाशी धरला. भिंतीएवढ्या स्पीकरमधून गल्लीभर त्याचा श्वास तेवढा ऐकू आला. जायला निघालेल्या एलोइसाबाई क्षणभर थांबल्या, मग कोपऱ्यावरून वळून गेल्या.